हिरवी वांगी, मुलुंड पश्चिम

माझी मुलुंडला बदली झाली तेव्हा मी तीन याद्या केल्या. काय न्यायचं, काय देऊन टाकायचं आणि काय भंगारात घालायचं. कपाटं, पुस्तकं आणि नवरा पहिल्या यादीत पटकन बसले. माझे वडील कुठल्याच यादीत बसेनात. त्यांना न्यायचं तर ते तयार नव्हते आणि तिथेच ठेवायचं तर मी तयार नव्हते.

तिथे म्हणजे जळगावजवळच्या आमच्या गावी. आई गेल्यापासून आबा तिथे एकटेच राहत होते. त्या पावसाळ्यात ते न्हाणीत पाय घसरून पडले. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या म्हणून कळलं. त्या आल्या नसत्या तर, हे वाक्य मी अजून मनातल्या मनातही पूर्ण केलेलं नाही. आबांनी ते तिथल्या तिथे पूर्ण केलं. "तर उशिरा कळलं असतं," ते म्हणाले आणि विषय संपवला.

बरीच फोनाफोनी झाल्यावर, दिवाळीनंतर यायला ते कबूल झाले. अट एकच. होळीपर्यंत राहीन, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी परत. मी लगेच हो म्हटलं. बँकेत इतकी वर्षं काढल्यावर मला एवढं समजतं, की माणूस एकदा दारात आला की अर्धं काम झालेलं असतं. उरलेलं अर्धं म्हणजे त्यांना इथे कायमचं ठेवून घेणं. ते सरळ विचारून होण्यातलं नव्हतं. आबांना कुणी "बसा" म्हटलं तरी ते उठतात. त्यामुळे त्यांना इथे राहावंसं आपोआप वाटेल अशी व्यवस्था करायची, असं मी ठरवलं. व्यवस्था करणं हा माझा हातखंडा आहे, असं तेव्हा माझं मत होतं.

आबा आले, त्यांनी खोली बघितली, खिडकीतून समोरची इमारत बघितली आणि म्हणाले, "चांगलंय." जेवायला बसले. वरण, भात, दोडक्याची भाजी. "चांगलंय." मी मनातून हादरले.

हे जरा समजावून सांगायला हवं. आमच्याकडे घरातलं माणूस जेवण चांगलं आहे असं म्हणत नाही. चांगलं म्हणतो तो पाहुणा. घरातला माणूस म्हणतो मीठ कमी आहे, फोडणी जळली, काल बरी होती. आई जन्मभर रांधत होती आणि आबा जन्मभर तिच्या प्रत्येक भाजीत खोट काढत होते आणि तिसऱ्यांदा वाढून घेत होते. आईही त्यांना सोडायची नाही. "एवढी खारट आहे तर ताट का चाटता?" ती विचारायची. आमच्या घरातला संवाद म्हणतात तो मुख्यतः हाच. आणि आता आबा माझ्या टेबलाशी बसून, अर्धी पोळी पानात ठेवून, चांगलंय म्हणत होते. याचा अर्थ ते मनाने अजून तिकडेच होते आणि इथे फक्त जेवायला आले होते.

नवऱ्याला मी हे सांगितलं. तो चिपळूणचा. त्याला मुंबईत यायचा आनंदच झाला होता, कारण मुलुंड-भांडुपच्या कुठल्याही गल्लीत शिरलं तरी सुरमईचा वास येतो. त्याच्या जिभेसाठी कुणाला काही शोधावं लागत नाही. तो म्हणाला, "अगं, चांगलंय म्हणाले तर चांगलं असेल."

"तू कोकणातला आहेस," मी म्हटलं. "तुला नाही कळणार."

मी नवी यादी केली. तिच्यात एकच पदार्थ होता आणि खाली उपनगरं होती. पदार्थ भरीत. खान्देशात हिवाळ्यात भरीत हे जेवण नसतं, तो कार्यक्रम असतो, आणि आबा त्या कार्यक्रमातलं बडं प्रस्थ. त्यासाठी लागतात ती मोठी, हिरवट-पांढरी वांगी. मुंबईत मिळतात ती काळी-जांभळी. भरीत चाखलं की आबांचा जीव इथे रमेल, असं माझं गणित होतं. ते कागदावर अगदी बरोबर दिसत होतं.

सुरुवात घरापासून केली. स्टेशनच्या या बाजूला एक खान्देशी नावाचं हॉटेल होतं. भरीत आलं ते जांभळ्या वांग्याचं, वर बटरची वडी. वाढप्याने विचारलं, सोबत भाकरी की पाव? आबांनी त्याच्याकडे अतिशय मायेने पाहिलं. ते म्हणाले, "काहीही चालेल." घरी येताना चांगलं होतं असंही म्हणाले.

पुढच्या शनिवारी घाटकोपर. तिथे महिला बचत गटांचं प्रदर्शन लागलं होतं. बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड मिळाले, कळण्याचं पीठ मिळालं, म्हणजे ज्वारी-उडदाचं. पीठ उत्तम होतं. भरीत मात्र डब्यातलं होतं, सकाळचं, आणि विकणाऱ्या बाई सांगलीच्या होत्या. त्यांनी खान्देशी मसाल्याच्या नावाखाली मला जे दिलं त्याने भात लाल झाला. शेवभाजीसाठी शेव घ्यायला म्हणून तिथल्या फरसाणाच्या दुकानात शिरले, तर शेवेचे इतके प्रकार होते की मला अभ्यासाला कागद काढावा लागला. बारीक, जाड, लसणाची, पालकाची, लवंगेची. रश्शात टाकल्यावर टिकून राहील अशी एकही नव्हती. दुकानदाराला मी अडचण सांगितली तर त्याला तिच्यात अडचण दिसेना. "बेन, शेव रश्शामां नाखवानी नहीं," तो म्हणाला. "हाथथी खावानी." घरी गेल्यावर त्या शेवेची पिठल्यासारखी भाजी झाली. आबा म्हणाले, "चांगली झालीय."

अंधेरीचं नाव माझ्या ऑफिसातल्या एका मुलीने सुचवलं होतं. काचेची इमारत, तिच्या तळाशी हॉटेल, आणि मेन्यूवर प्रत्येक पदार्थाच्या खाली त्याच्या गावाबद्दल एक परिच्छेद. भरीत मातीच्या बोळक्यात आलं. बोळकं एवढं लहान होतं की ते भरीत आहे की भरिताची आठवण, असा प्रश्न पडावा. वर इवलीशी हिरवी पानं टोचली होती. वाढणारा मुलगा पाठ केलेलं म्हणून दाखवायला लागला: सर, ये जलगाँव का है, स्मोक्ड है, बहुत रस्टिक है.

"स्मोक्ड म्हणजे?" आबांनी मला विचारलं.

"धुरावरचं."

"मग जळालेलं म्हण ना," आबा म्हणाले. माझ्या आशा एकदम पल्लवित झाल्या. पण एक घास खाऊन ते त्या मुलाकडे वळले आणि त्यांनी तो शब्द उच्चारलाच.

बोरिवलीला मैदानावर खान्देश महोत्सव होता. नवऱ्याने नकाशा काढून मला दाखवलं, की मुलुंडहून बोरिवलीला जाण्यापेक्षा माणूस नाशिकला लवकर पोचतो. तरी गेलो. आणि तिथे खरोखर हिरवी वांगी होती. घमेल्याएवढ्या कढईत भरीत घोटलं जात होतं, कांद्याची पात, भाजलेल्या मिरच्या, शेंगदाणे, सगळं जिथल्या तिथे. स्टॉलवाला रावेरकडचा. त्याला आमचं गाव माहीत होतं, गावातले दोघे जण माहीत होते. रांगेत उभं राहून आम्ही भरीत घेतलं आणि रांगेच्याच कडेला उभ्या उभ्या खाल्लं. मी आबांच्या तोंडाकडे बघत होते. स्टॉलवालाही झारा हातात धरून बघत होता. आबा म्हणाले, "चांगलंय."

स्टॉलवाल्याचा चेहरा पडला. अख्ख्या मुंबईत तो शब्द बरोबर समजलेला तो एकटाच.

तो काहीतरी विचारणारही होता, पण मागच्या बाईने पार्सलसाठी डबा पुढे केला आणि रांग सरकली.

घरी परतताना मी कारणं लावत होते. वांगी बरोबर होती, मसाला बरोबर होता. चूक होती ती जाळाची. गॅसवर भाजली होती. खरं भरीत कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या, म्हणजे पऱ्हाट्यांच्या, जाळावर भाजतात. एवढीच एक गोष्ट राहिली होती. मग ती आपणच आणायची.

आमच्या भागातल्या लोकांची एक पद्धत आहे. मुंबई-पुण्यातल्या लेकीबाळींना हिवाळ्यात वांगी जातात ती जळगावहून सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या बसमधून. ड्रायव्हरशी बोलायचं, गोणी टाकायची, इकडे सकाळी महामार्गावर जाऊन उतरवून घ्यायची. आत्तेभावाने वांग्यांची गोणी पाठवली. पऱ्हाट्यांचा भारा पाठवायला मात्र बसवाला तयार होईना. पेटणारा माल आहे म्हणाला. शेवटी भावाने त्या गोधडीत गुंडाळल्या आणि अंथरूण म्हणून पाठवल्या. ते अंथरूण खांद्यावर घेऊन मी सोसायटीच्या फाटकातून आत आले तेव्हा वॉचमनने विचारलं, मॅडम, झाडू का धंधा शुरू किया क्या.

परवानगीचं प्रकरण वेगळंच. गच्चीवर जाळ करायचा म्हटल्यावर सेक्रेटरींनी अर्ज मागितला. मी आकृतीसकट दिला. खाली पत्रा, बाजूला वाळूच्या बादल्या, वाऱ्याची दिशा. इतका नीटनेटका अर्ज त्यांना कधी आला नसावा, कारण नाही म्हणायला त्यांना जागाच सापडेना. त्यांनी एक अट घातली: सगळ्या मजल्यांना आमंत्रण द्यायचं, म्हणजे कुणी धुराची तक्रार करणार नाही. पाचव्या मजल्यावरच्या जैन काकूंनी आनंदाने येईन म्हटलं. त्यांची विनंती एवढीच होती, की आमच्यासाठी थोडं बिनालसणाचं कर आणि जमलं तर वांगंही नको.

तो रविवार मला अजून लख्ख आठवतो. आबांनी सकाळीच धोतर नेसलं. मुंबईत आल्यापासून पहिल्यांदा. गच्चीवर त्यांनी सगळं ताब्यात घेतलं. वांग्यांना तेल लावून टोचे मारले, पऱ्हाट्या रचल्या, जाळ लागला की किती लांब उभं राहायचं हे नवऱ्याला दोनदा सांगितलं. सालं काढली, गावाहून आलेल्या बडगीत, म्हणजे लाकडी काठवटीत, वांगी ठेचली. मी खाली कळण्याच्या पुऱ्या तळून वर पाठवत होते. बिल्डिंगमधली माणसं आली, त्यांनी खाल्लं, आणि ती सगळी भारावून गेली. वॉव अंकल. अमेझिंग. अंकल, हॉटेल काढा. एका मुलीने आबांचा व्हिडिओ घेतला. सेक्रेटरींनी दोनदा घेतलं आणि दरवर्षी करू या म्हणाले. सगळं मनासारखं झालं होतं. वांगी तीच, जाळ तोच, करणारा माणूसही तोच.

संध्याकाळी आवराआवर झाल्यावर मी आबांसमोर त्यांचं ताट ठेवलं. मुद्दाम बाजूला काढून ठेवलेलं भरीत, वर कच्च्या तेलाची धार. त्यांनी चार घास खाल्ले.

"कसं झालंय?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"चांगलंय," आबा म्हणाले. स्वतःच्या हातच्या भरिताला. मग ताट थोडं पुढे सरकवून म्हणाले, "उरलेलं वाटून टाक. आणि तिकीट मिळायला लागलं असेल. ते काढून ठेव बाई."

मी तिकीट काढलं. दुसरं काय करणार? उरलेलं भरीत मी डब्यांत भरलं आणि जे रविवारी आले नव्हते त्यांच्याकडे पोचवलं. त्यातला एक डबा तिसऱ्या मजल्यावरच्या कच्छी काकांकडे गेला. त्यांची आमची ओळख एवढीच, की ते जिन्यातले दिवे बंद करत फिरायचे. धान्याच्या घाऊक व्यापारातून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगा-सून दिवसभर कामावर.

डबा दुसऱ्या दिवशी परत आला. रिकामा डबा परत करायचा नाही, ही रीत त्यांच्यातही आहे आणि आपल्यातही. काका स्वतः घेऊन आले. दारातच उभे राहिले.

"ताई, ओळो कुणी केला?"

ओळो म्हणजे काय ते मला कळेना. त्यांनी डब्याकडे बोट केलं. वडिलांनी, मी म्हटलं.

"त्यांना सांगा, वांगं कच्चं होतं. देठाकडे तर एकदम कच्चं. आणि टमाटर विसरले."

आतल्या खोलीत पेपर खाली ठेवल्याचा आवाज झाला. आबा बाहेर आले.

"कोण म्हणतं कच्चं?"

"मी म्हणतो ना. मी खाल्लं."

"ते भरीत आहे. ओळो का फोळो नाही. आणि भरितात टमाटा घालत नाहीत."

"टमाटर नाही तर ओळो कसा?"

"टमाटा घातला तर चटणी होते," आबा म्हणाले. "घालता का तुम्ही खरंच?"

"घालतोच. लिलं लसण पण घालतो. ओला लसूण. आणि भाई, तेल किती टाकलं तुम्ही? शेंगदाणे पोहत होते."

"तेल दिसलंच पाहिजे. नाहीतर दवाखान्यात द्यायचं जेवण आहे का ते?"

"तर मग दवाखान्यात जायची तयारी ठेवा," काका म्हणाले आणि डबा माझ्या हातात दिला. "हे माझं. खाऊन बघा. बाजरीच्या रोटल्याबरोबर."

दार लावून मी वळले तर आबा डबा उघडून उभे होते. आत जांभळ्या वांग्याचं, टोमॅटोचं, लालसर. "बघ," ते मला म्हणाले. "रंग बघ याचा." मी भाकरी टाकली. आबा जेवायला बसले आणि बोलायला लागले. फोडणीत हिंग जास्त आहे. वांगं शेगडीवर भाजलंय, कोळशाचा वास येतोय. जिरं कशाला? आणि हा टमाटा, हा तर शुद्ध वेडेपणा. त्यांच्या पुढ्यातल्या भाकऱ्या संपत गेल्या. मला पुन्हा पीठ मळावं लागलं. नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन, भुवया उंचावून माझ्याकडे बघत होता. मी त्याला हाताने गप्प बसायला सांगितलं.

त्या दिवशी पीठ मळताना मला काही गोष्टी समजल्या आणि माझ्या यादीची कीव आली. गावाकडे भरीत होतं ते शेतात, पुरुषमाणसांत. तिथे खाणारा प्रत्येक जण करणाऱ्याला शिकवत असतो. पात फोडणीत घाल, नको कच्ची घाल, खोबरं घालणारे लोक पापी, मागच्या वर्षी याने वांगी जाळली होती. करणारा सगळ्यांशी भांडत घोटत राहतो. चांगलं म्हणून उठून जाणं, म्हणजे तुझ्याशी भांडण्यात अर्थ नाही असं सांगणं. मी चार उपनगरं पालथी घालून आबांना वांगं आणून दिलं, जाळ आणून दिला आणि शेवटी टाळ्या वाजवणारी माणसं आणून दिली. भांडणारा कुणी आणला नाही. तो तिसऱ्या मजल्यावर दिवे बंद करत फिरत होता.

मग रोज सुरू झालं. संध्याकाळी खालच्या बागेतल्या बाकावर दोघं बसायचे आणि आबा वर आले की मला वार्तांकन मिळायचं. कच्छात कपाशी होते का, त्यांनी एकदा मला विचारलं. मी बघून सांगितलं, होते. आबांना ते आवडलं नाही. "म्हणजे तो खरं बोलत होता," ते म्हणाले. "तोही म्हणतो आम्ही पऱ्हाट्यांवर भाजायचो. मी म्हटलं, शक्य नाही. तर म्हणाला, कपाशी काय तुमच्या बापाची आहे?" हे सांगताना ते दुसरी वाटी ताक पीत होते.

काकांनीही आपली बाजू माझ्यापाशी मांडली, लिफ्टमध्ये. तुमचे बाबा जिद्दी आहेत, म्हणाले. त्यांना सांगा ना, वांगं उलटं करून पण भाजायचं असतं.

शेवटी व्हायचं ते झालं. होळीच्या आधीच्या रविवारी गच्चीवर दोघांनी आपापलं करायचं ठरलं. मी पुन्हा अर्ज दिला. सेक्रेटरी म्हणाले, या वेळी आकृती नको, मागचीच लावतो. निकाल कुणी द्यायचा यावर बागेत दोन संध्याकाळी गेल्या. बिल्डिंगमधली माणसं बाद ठरली, कारण ती कशालाही अमेझिंग म्हणतात. नवरा बाद, कारण मासे खाणाऱ्याला वांग्यातलं काय कळतं यावर दोघांचंही पटलं. उरले मी. आबा म्हणाले, "ही बँकेत आहे. हिला बरोबर-चूक लगेच सांगायची सवय आहे." काकांना पार्किंगचं जुनं भांडण मी एका बैठकीत सोडवल्याचं माहीत होतं, म्हणून त्यांनी मान्य केलं. आणि आबांची बस धुळवडीच्या दुसऱ्या दिवशीची होती. ती रद्द कर असं कुणी म्हटलं नव्हतं. उलट बॅग कपाटावरून खाली काढलेली मला दिसली होती. जाता जाता हा एक निकाल खिशात घालून जायचं, असा त्यांचा विचार दिसत होता.

रविवारी गच्चीवर पत्र्यावर जाळ, त्याच्या शेजारी काकांची शेगडी. मधे वाळूच्या बादल्या. दोघं एकमेकांच्या हाताकडे बघत होते आणि मोठ्याने सूचना देत होते. "जळालं ते, बाजूला घ्या." "तुमचं बघा, तुमचं अजून थंडीने कुडकुडतंय." काकांच्या सुनेने मला खुर्ची दिली. दोन वाट्या समोर आल्या.

मी आधी आबांचं खाल्लं. हंगाम संपत आला होता. गावाहून आलेली वांगी जून झालेली, बियांनी भरलेली, आणि त्यांना शेवटी शेवटी कडवट चव येते ती आली होती. मग ओळो खाल्ला. तो सुरेख झाला होता. धुराचा वास बेताचा, ओला लसूण, टोमॅटो मुरलेला. काही शंकाच नव्हती. बँकेतल्या कुठल्याही फाइलीवर यापेक्षा कमी पुराव्यावर मी सही केलेली आहे.

दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पाणी प्यायले. ओळो म्हटलं तर आबा मुकाट्याने खाली जातील, बॅग भरतील आणि पुन्हा या गच्चीवर येणार नाहीत. भरीत म्हटलं तर ते जिंकले, काम झालं, आणि जिंकलेला माणूस आनंदाने बसमध्ये बसतो. दोन्ही निकाल जळगावच्याच रस्त्याला लागत होते आणि रस्त्याच्या टोकाला ती न्हाणी होती. मी वाट्या खाली ठेवल्या.

"सांगता येत नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?" आबा म्हणाले.

"म्हणजे आज कुणाचंच जमलेलं नाही. आबा, तुमची वांगी जून आहेत. काका, तुमचा ओळो..." इथे मला शोधावं लागलं. "तुमच्या ओळोत टोमॅटोच लागतोय. यावर निकाल देणं बरोबर नाही. नव्या हंगामाची वांगी आली की परत करा."



"टमाटरच लागतोय?" काका म्हणाले. त्यांनी चमचा माझ्या वाटीत घालून चाखलं आणि आबांकडे वळले. "भाई, तुम्ही खा. तुम्ही सांगा. टमाटर लागतोय?"

आबांनी खाल्लं. "टमाटा नाही लागत," ते म्हणाले. हे त्यांना किती जड गेलं असेल याची मला कल्पना आहे. "हिंग लागतोय. पण टमाटा नाही."

"मग? आणि तुमच्या वांग्याला जून म्हणाल्या. एवढं काही जून नाही."

"थोडं आहे."

"थोडं आहे. पण एवढं नाही."

"हिच्या आईने हिला स्वयंपाक शिकवला नाही," आबा म्हणाले. "मी तेव्हाच म्हणत होतो. यादी करते, आणि मग यादी शिजवते."

"आपण उगाच हिला नेमलं," काका म्हणाले.

मी वाट्या गोळा करायला लागले. नवी वांगी कधी येतात, असं काका विचारत होते, आणि आबा सांगत होते की दिवाळी झाल्यावर, थंडी पडली की, त्याआधी हात लावू नये. पऱ्हाट्या तर त्याच्याही नंतर. मग तोवर काय, काका म्हणाले. तोवर, आबा म्हणाले, तुम्ही ते शेगडीवर वांगं उलटं करून भाजता म्हणता ते एकदा नीट दाखवा, मला त्यात काही राम वाटत नाही. काकांनी शेगडीतले निखारे पुन्हा पुढे ओढले. आबांनी माझ्याकडे न बघता, खांद्यावरून मागे म्हटलं, "आणि बाई, ते तिकिटाचं बघ काय करायचं ते."

मी ते जिना उतरता उतरता रद्द केलं. वर दोघांचं माझ्याविषयी एकमत होत चाललं होतं.